लॉज न करता विदर्भ: ओळखीच्या आणि अनोळखी घरांचा खराखुरा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, खर्चाच्या बाबतीत या प्रकाराला दहापैकी नऊ आणि झोपेच्या बाबतीत फार तर चार. जेवणाला मार्क देत नाही, कारण तिथे दहा कमी पडतात.

तर आम्ही दोघं, मी मूळची अकोल्याची, नवरा इचलकरंजीचा, राहतो पुण्यात. जानेवारीत माहेरी आलो होतो, भावाची १२५ सीसीची बाईक रिकामीच उभी होती, म्हटलं चला अख्खा विदर्भ आडवा कापू, आणि हॉटेल-लॉज शक्यतो नाहीच, मित्रांकडे, मित्रांच्या पाहुण्यांकडे, नाहीच कोणी तर जिथे कोणी ये म्हणेल तिथे. शेगाव, लोणार, मेहकर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, वर्धा, मग खाली चिमूर, मूल, चामोर्शी, गडचिरोली, वडसा, नवेगावबांध आणि साकोलीवरून नागपूर. नकाशावर बघितलं तर कुत्रं धावल्यासारखा रस्ता दिसतो पण त्याला इलाज नाही, ज्या गावात घर त्या गावात मुक्काम.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे हे माहीत असू द्या. ७०१ किलोमीटरचा एवढा मोठा रस्ता वाशिम-वर्ध्याच्या शेतांमधून गेलाय आणि आपण त्याच्या खालच्या बोगद्यातून बाईक काढायची. मला काही वाईट वाटलं नाही. जुन्या रस्त्यानं मेहकर, डोणगाव, मालेगाव, शेलूबाजार असं जाताना प्रत्येक फाट्यावर आलुबोंडा मिळतो, समृद्धीवर काय मिळतं.

ॲपचं बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. परक्याच्या घरी फुकट राहायची ॲपं आहेत, काऊचसर्फिंग २००४ पासून आहे, २०२० पासून तिथे बऱ्याच देशांत वर्गणी द्यावी लागते, बीवेलकम आणि ट्रस्टरूट्स अजून फुकट आहेत. कल्पना चांगलीच आहे. पण ही शहरातली सोय आहे, दारव्हा नाहीतर आरमोरीत कोण प्रोफाइल करून बसणार. इथलं ॲप म्हणजे फोन. लोणारला भावाचा कॉलेजचा मित्र होता, त्यानं दारव्ह्याजवळ त्याच्या बहिणीच्या सासरी फोन लावला, त्या बहिणीच्या दिरानं वर्ध्याच्या साडभावाला सांगितलं, आणि मूलच्या घराशी आमचं नातं काय ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. रिव्ह्यू-बिव्ह्यू काही नसतो पण त्याची गरजही नसते, आपण मागच्या घरी कसे वागलो ते आपण पोचायच्या आत पुढच्या घरी कळलेलं असतं. दारव्ह्याला नवऱ्यानं दुधाच्या चहाला नाही म्हटलं होतं, वर्ध्याला विचारायच्या आधी काळा चहा समोर.

सुरुवात मात्र शेगावला केली, संस्थानच्या भक्तनिवासात. तुलनेसाठी बरं पडतं. स्वच्छ खोली, स्वच्छ संडास, झुणका-भाकर, सेवेकरी माऊली माऊली करत रांगेतून पुढे काढतात, कोणी तुमची चौकशी करत नाही, दिवा मालवून झोपा. ज्यांना फक्त स्वस्त आणि शांत मुक्काम पाहिजे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, शेगाव करा आणि घरी जा. आणि कचोरी स्टेशनजवळच खा, पार्सल नेलेली संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

लोणारचं घर पक्कं, वरच्या मजल्यावर वेगळी खोली, गिझर, म्हणजे लॉजपेक्षा भारी. मित्रानं सकाळी विवरात उतरवलं. साधारण पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, उल्का आदळून काळ्या दगडात झालेला, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिलेच असतील, त्याच वर्षी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत पण आलं. फोटोत कळत नाही ते हे की खाली उतरलं की वरच्या गावाचा आवाज बंद होतो आणि पाण्याजवळ वास येतो. धारेच्या झऱ्यावर लोक आंघोळी करत होते. आणि दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, गडबडीत सोडू नका, आम्हाला विवरापेक्षा तिथे जास्त वेळ लागला.

आता खरा माल. दारव्ह्याजवळचं घर.

शेतकरी कुटुंब, समोर छपरी, आत दोन खोल्या, मागे चूल, त्याच्या मागे न्हाणी, चार टिनाच्या पत्र्यांची, वर आभाळ. पाणी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर तापलेलं, त्याला धुराचा वास येतो आणि जानेवारीच्या सकाळी तो वास लय चांगला वाटतो. संडास अंगणाच्या टोकाला, पक्का, कडी लागते, बल्ब मात्र नव्हता, मोबाईलचा टॉर्च घेऊन जा. हे सगळं लिहितेय कारण जोडीनं फिरणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच असतो आणि कोणी मोकळं सांगत नाही.

दुसरा प्रश्न, दोघांना एकत्र खोली मिळते का. नाही. बायका आत, पुरुष छपरीत बाजीवर. लग्नाचे असा नाहीतर कोणी असा, घरात सासूबाई आणि दोन पोरी झोपल्यात तिथे तुम्हाला वेगळी खोली कुठून देणार. हनिमून करायला निघाला असाल तर लॉज बघा. लॉजचंही सांगते, मधे एका तालुक्याच्या गावी आम्ही लॉज बघितला होता, तर तिथे माझ्या आधारवर माहेरचं आडनाव आणि अकोल्याचा पत्ता बघून काउंटरवरच्यानं लग्नाचा दाखला मागितला. आता दाखला कोण बाईकच्या डिकीत घेऊन फिरतं. वास्तविक असा काही कायदा नाही पण रात्री साडेआठला त्याच्याशी कायदा कोण बोलणार. घरात तसलं कोणी काही विचारत नाही. घरात बाकी सगळं विचारतात. पगार किती, पुण्यात घर स्वतःचं की किरायाचं, लेकरं किती, नाहीत तर काऊन नाहीत, डॉक्टरले दाखवलं का, आमच्या इथं एक वैदू आहे. आणि आडनाव. आडनाव पहिल्या चहालाच विचारतात आणि ते कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. आम्हाला त्याचा कुठे त्रास झाला नाही, पण सगळ्यांनाच होणार नाही असं मी लिहिणार नाही. परक्याच्या घरी राहा म्हणून सल्ला देणारे ही गोष्ट गाळतात.

जेवण. तुरीचा सिझन होता. ओल्या तुरीचे सोले काढून वांग्यात घातलेली भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल. दुसऱ्या संध्याकाळी वावरात भरीत, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली, तिथेच ठेचली, कांद्याची पात आणि सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा बसल्या बसल्या सोलून खायच्या, थांबताच येत नाही. नवरा कोल्हापूरकडचा, तिखटाबद्दल त्याला थोडा गर्व होता, तो त्या ठेच्यानंतर शांत झाला. यवतमाळच्या बाजूला पैसे देऊन असं जेवण कुठे मिळत असेल तर मला खरंच सांगा.

रात्री घरच्या भाऊंनी विचारलं, ओलिताले येता का. शेतीची लाईन रात्रीची होती, हरभऱ्याला स्प्रिंकलर चालू होते, रात्री उठून पाईप बदलावे लागतात. नवरा उत्साहानं गेला आणि पहाटे गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला. सांगत होता, एका बाजूला पाईप आणि दुसऱ्या बाजूला रोही (नीलगाई) आणि डुकरं हाकलायची, झोप नाहीच, आणि हे सगळं हिवाळाभर. सकाळी तोच माणूस आम्हाला पोहे खायला लावून फाट्यापर्यंत सोडायला आला. पुण्यात आपण दिवसाची वीज गृहीत धरतो हे नवऱ्याला तिथे कळलं, मला तर लहानपणापासून माहीत होतं पण मी कधी पाईप उचलला नव्हता.

आता एक तक्रार, आणि ही या सगळ्या प्रकाराबद्दलची आहे, कुठल्या एका घराबद्दल नाही. मी विदर्भाची म्हणून नवरा सगळीकडे जावई. मेहकरपासून गोंदियापर्यंत. "जावई हायेत, त्यायले खाली कायले बसवता," की लगेच खुर्ची, उशी, पहिलं ताट. आणि मी लेक. लेकीला काय, "बाई, तू ये इकडे, चुलीजोळ बस, थंडी हाय." चुलीजवळ बसलं की हातात लाटणं येतंच. मला काम करायला काही वाटत नाही पण दिवसभर बाईक दोघांनी चालवली, पाठ दोघांची दुखतेय, आणि एक जण पाटावर बसून "घ्या ना बाप्पा, लाजता काऊन" ऐकतोय. तिसऱ्या-चौथ्या घरापासून मी त्याला सरळ सांगितलं की जेवल्यावर तू ताटं उचलायची. त्यानं उचलली की घरात गोंधळ. एका आजींनी तर हातातून ताट ओढून घेतलं. पण त्या घरातल्या सुनेनं आतून माझ्याकडे बघून जे हसू दाबलं ना, त्यासाठी तरी उचलत राहा म्हटलं.

मुद्दा असा की फुकट काही नसतं. आपण वाचवलेल्या लॉजच्या हजार-बाराशेचं बिल त्या घरातली वहिनी भरत असते. पहाटे पाचला उठून आपल्यासाठी पाणी तापवते, नऊ माणसांच्या जागी अकरांच्या भाकरी थापते, आणि यायचं आमंत्रण फोनवर दिलेलं असतं तिच्या नवऱ्यानं. म्हणून एका घरी फार तर दोन रात्री. त्याच्यावर गेलात तर तुम्ही पाहुणे नाही, काम आहात.

पैसे कोणी घेत नाही, विचारू पण नका, वाईट वाटतं. लेकराच्या हातावर निघताना काहीतरी ठेवायचं, ते चालतं. मिठाईचा डबा नेऊ नका, कोणी खात नाही, आम्ही वर्ध्याच्या पुढे तिथला गोरसपाक (तुपातली बिस्किटं) नेला तो मात्र सगळीकडे चालला, टिकतो आणि पिशवीत चुरा होत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे भाजी-किराणा. गावाच्या आधीच्या बाजारातून दोन किलो संत्री, टमाटे, चहापत्ती, काय असेल ते घ्यायचं आणि सरळ चुलीजवळ नेऊन ठेवायचं, पुरुषांच्या हातात नाही. बदल्यात काय मिळतं ते ऐका, प्रत्येक घरून माझी ओटी भरली आणि ब्लाउजपीस, प्रत्येक घरून जावयाला दुपट्टा-टोपी. नागपूरला पोचलो तेव्हा कॅरियरवरची बॅग निघालो त्यापेक्षा फुगलेली.

वर्ध्याला घर होतं पण एक रात्र आम्ही सेवाग्रामला आश्रमासमोरच्या यात्री निवासात काढली, जरा श्वास घ्यायला. गांधी १९३६ ला इथे आले तेव्हा गावाचं नाव पण शेगावच होतं, टपाल त्या शेगावला जायचं म्हणून १९४० ला सेवाग्राम झालं, हे मला तिथे गेल्यावर कळलं, आणि आम्ही दोन्ही शेगावं एकाच ट्रिपमध्ये केली. बापू कुटी बघताना नवरा म्हणाला ही आपल्या दारव्ह्याच्या घरासारखीच आहे, माती, कुडाच्या भिंती, फक्त तिथे सासूबाई नाहीत प्रश्न विचारायला. पवनारला धाम नदीवर विनोबांचा आश्रम, दहा मिनिटांवर, जा. आनंदवन वाटेत वरोऱ्याला लागतं पण आम्ही चिमूरकडून वळलो त्यामुळे राहिलं.

ताडोबाची सफारी केली नाही. जिप्सी, गाईड, प्रवेश सगळं धरून आमचं आठवड्याचं बजेट तिथे एका सकाळी संपलं असतं. वाघ तसाही त्या भागात गेटच्या आतच राहतो असं नाही. मूलच्या घरी आम्ही दुपारी चारला निघायचं म्हटलं तर कोणी निघू दिलं नाही, ब्रह्मपुरी-मूल-सिंदेवाहीच्या जंगलात माणसं मारली जातात ही तिथली रोजची बातमी आहे, गुराखी, मोहफुलं वेचणाऱ्या बायका. अंधार पडल्यावर बाईकवर रस्त्यावर राहायचं नाही हा नियम तिथे कोणी समजावून सांगत नाही, तुमच्या बाईकची किल्लीच काढून ठेवतात. चांगलं करतात.

चामोर्शीजवळ मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावर दगडी देवळं आहेत, कोरीव काम बघून मान दुखते. नदी तिथे उत्तरेकडे वळते म्हणून जागेला मान. महाशिवरात्रीला यात्रा भरते, आम्ही गेलो तेव्हा शुकशुकाट, वाळूत दोन कुत्री आणि आम्ही.

आणि मग वडसा. इथून पुढे ओळखीचं घर नव्हतंच. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र, नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं, भिंतीवर पोस्टरावर पोस्टर. दिवाळी झाली की होळीपर्यंत या चार जिल्ह्यांत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक. २०२३ ला इथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला थोडंफार कळलं. आम्ही अर्जुनीच्या रस्त्यावर एका गावात चहाला थांबलो तर भोंग्यावर रात्रीच्या नाटकाचं चालू होतं. चहा पीत होतो, बाजूला एक रिटायर गुरुजी, त्यांनी कुठून आले, कुठं चालले वगैरे झाल्यावर विचारलं, राहाले कुठं आहे. म्हटलं बघतोय नवेगावला. ते म्हणाले, "नाटक पाहाले थांबा जी. उद्या जाजा." झालं, एवढीच बुकिंगची प्रक्रिया.

त्यांच्या घरी गेलो तर आधीच वीसेक माणसं. गावात नाटक असलं की प्रत्येक घराचे पाहुणे येतात, लेकी-जावई, साळे-मेहुणे, त्यांचे शेजारी, आणि कोण कोणाचं हे विचारायची कोणाला फुरसत नसते. म्हणून आम्ही तिथे सगळ्यात कमी परके होतो, हे जरा विचित्र वाटेल पण तसंच होतं. पगार कोणी विचारला नाही. आडनाव पण नाही. मोठ्या गंजात (पातेल्यात) भात, तळ्यातल्या मासोळीचा रस्सा, लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, पंगतीमागे पंगत, आणि इथे वाढायला पुरुष होते कारण बायकांना नाटकाला पुढची जागा धरायची होती. जावयाला पण वाढायला लावलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

नाटक रात्री दहानंतर कधीतरी सुरू झालं. खुर्चीचं तिकीट वेगळं, जमिनीचं वेगळं, आम्ही गुरुजींच्या घरच्या बायांसोबत जमिनीवर, अंगावर त्यांचंच ब्लँकेट. गाणी, मधेच विनोद, मधेच नाच, मग एकदम आई मरते आणि सगळा मांडव रडतो, मग परत विनोदी माणूस येतो. पुण्यात दोन अंकाचं नाटक बघून पार्किंगची चिंता करत बाहेर पडणाऱ्यांना हे लांबेल. मला तीननंतर डुलकी लागली, उठले तर नवरा बाजूच्या आजोबांना आधीच्या भागात काय झालं ते विचारत होता आणि ते झाडीबोलीत सांगत होते, आणि याला अर्धं कळत नव्हतं तरी मान हलवत होता. पहाटे सगळे परत घरी, चहा, आणि जिथे जागा मिळेल तिथे पडा. तांदळाच्या पोत्यांना टेकून झोपलो. वर जे झोपेला चार मार्क दिलेत त्यातले एक-दोन तरी या पोत्यांचे आहेत.

नवेगावबांधला मग आम्ही फक्त तळं बघितलं आणि परत झोपलो. तळं कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेलं, भातासाठी, तीनेकशे वर्षं जुनं, असे तलाव भंडारा-गोंदिया या दोन जिल्ह्यांत पावलापावलावर आहेत. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, धानाच्या शेतांच्या मधे अचानक रंगीत पताका दिसतात.

खर्च सांगते. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, तरी बाईकचं, चहा-नाष्ट्याचं आणि घरांसाठी नेलेल्या सामानाचं मिळून दिवसाला दोघांचे पाचशे-सहाशेच्या आत बसले. शेगाव-सेवाग्रामच्या खोल्या वेगळ्या, त्या पण स्वस्तच.

कोणाला जमणार नाही? ज्यांना सकाळी स्वतःच्या वेळेला एकटं बसून चहा लागतो त्यांना. ज्यांना तेल-तिखट सोसत नाही त्यांना, कारण "कमी तिखट" म्हणून जे येतं ते पण तिखटच असतं. नुसती पोरं-पोरं असाल तर अनोळखी घरी अवघड आहे, आम्हाला दारं उघडली त्यात "बाई सोबत आहे" याचा मोठा वाटा होता. आणि एकट्या बाईनं असंच कर म्हणून मी सांगणार नाही, मी स्वतः केलं नसतं.

उन्हाळ्यात जाऊ नका. मे मध्ये अकोला-चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर जातं, त्यात टिनाच्या छपराखाली पाहुणा म्हणजे त्या घरालाच शिक्षा. पावसाळ्यात शेतीची घाई आणि गडचिरोलीकडे पुरात रस्ते बंद होतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी ठीक, तूर आणि सोले पाहिजे असतील तर जानेवारीच. आणि नाटक बघायचं असेल तर होळीच्या आत वडशाला जा, पोस्टरावर गाव आणि तारीख लिहिलेली असते, ते वाचून संध्याकाळच्या आत त्या गावी पोचा आणि पंचायतीजवळच्या टपरीवर चहा सांगा.